पहिलं परीक्षण छान आलंय, आता पुढे काय?

पहिल्या कादंबरीचं पहिलं परीक्षण बहुधा संपादकाच्या मेलमधून येतं. अडीचशे-तीनशे शब्दांचा एकच परिच्छेद. जी पात्रं इतकी वर्षं फक्त तुमच्या डोक्यात आणि वहीत होती, त्यांची नावं एका अनोळखी माणसाने लिहिलेली पहिल्यांदा दिसतात. माझं पहिलं परीक्षण मी उभ्याउभ्याच वाचलं. संध्याकाळी पुन्हा उघडलं तेव्हा कळलं की मधली चार वाक्यं सकाळी वाचलीच नव्हती. डोळे नुसते कौतुकाच्या शब्दांवरून उड्या मारत खाली गेले होते.

ज्यांची कुमारवयीन वाचकांसाठीची, म्हणजे यंग अडल्ट कादंबरी पहिल्यांदाच प्रकाशित होते आहे आणि प्रकाशनाच्या आधीच जिचं मनापासून कौतुक करणारं परीक्षण आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. आनंद पुरेपूर साजरा करा, त्यात काटकसर नको. अशी कादंबरी लिहायला वर्षं लागतात आणि असा दिवस फार वेळा येत नाही. फक्त एक गोष्ट आधीच मनात पक्की असू द्या: प्रकाशनपूर्व परीक्षण हे तुम्हाला आलेलं पत्र नसतं. ते ग्रंथपालांना, पुस्तकविक्रेत्यांना, शिक्षकांना लिहिलेलं असतं. तुम्हाला ते वाचायला मिळालं, इतकंच. ही गोष्ट एकदा पटली की कुणाला आधी सांगायचं, काय उद्धृत करायचं, कुणाचे आभार मानायचे, हे बरंचसं आपोआप सुटत जातं.

आधी बसून, सावकाश, दोनदा वाचा

पहिलं वाचन आनंदाचं. ते कसंही होऊ द्या. दुसऱ्या वाचनाला मात्र हातात पेन्सिल घ्या आणि परीक्षणाची छापील प्रत समोर ठेवा. प्रत्येक वाक्यापाशी थांबून ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. काही वाक्यं नुसती कथा सांगतात: नायिका कोण, कुठे राहते, तिच्यापुढे पेच कोणता. काही मत देतात: भाषा कशी आहे, वेग कसा आहे, शेवट पटतो की नाही. आणि एखादं वाक्य हे पुस्तक कोणत्या वाचकाच्या हातात द्यावं ते सांगतं. नवखा लेखक मत सांगणाऱ्या वाक्यांतच अडकतो. ग्रंथपालाच्या दृष्टीने हे तिसऱ्या प्रकारचं वाक्य सर्वात मोलाचं असतं, आणि नंतर तुमच्याही सर्वात जास्त उपयोगी तेच पडतं.

वयोगट पाहायला विसरू नका. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा कुमार वाचकांसाठी काम करणारा विभाग, म्हणजे याल्सा, १२ ते १८ हे कुमारवय धरतो. पण परीक्षणात बऱ्याचदा त्यातलाच एखादा तुकडा येतो, उदाहरणार्थ १४ ते १८ किंवा नववीपासून पुढे. तुमच्या मनात बारा-तेरा वर्षांचा वाचक होता आणि परीक्षकाने चौदापासून पुढे म्हटलं असेल, तर पुस्तकात काहीतरी थोड्या मोठ्या मुलांसाठीचं आहे असं त्याला जाणवलं आहे. हिंसा असेल, मृत्यू असेल, प्रेमाचा एखादा प्रसंग असेल. हा दोष नव्हे, पण संपादकाशी बोलून घ्या. परीक्षणात एक वयोगट आणि प्रकाशकाच्या यादीत दुसरा, असे दोन वेगळे आकडे बाहेर गेले तर पुस्तक मागवणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आणखी एक. परीक्षकाने वाचली ती प्रकाशनपूर्व प्रत, म्हणजे शेवटचं मुद्रितशोधन होण्याआधीची. त्या प्रतीवर तशी स्पष्ट सूचनाही छापलेली असते. परीक्षणात पात्राचं नाव चुकलेलं दिसलं तर पहिली शंका स्वतःच्या प्रतीवर घ्या. एखाद्या प्रकरणात जुनं नाव तसंच राहून गेलं असेल, आणि ते दुरुस्त करायला अजून चार दिवस असतील. प्रत बरोबर असूनही परीक्षणात तपशील चुकला असेल, तर संपादकामार्फत, शांत शब्दांत, तेवढाच तपशील कळवा. मतं दुरुस्त करायची नसतात, चांगलीसुद्धा.

हे परीक्षण कुठून आलं, ते समजून घ्या

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. ‘छान परीक्षण आलं’ एवढंच म्हणून पुढे जाणारे नवे लेखक मी पाहिले आहेत, आणि आपल्या हाती नेमकं काय आलं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पुस्तक प्रकाशित होण्याआधी त्याचं परीक्षण छापायची सर्वात पक्की व्यवस्था अमेरिकेतल्या व्यावसायिक नियतकालिकांनी उभी केली. पब्लिशर्स वीकली १८७२ पासून चालू आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं बुकलिस्ट १९०५ मध्ये सुरू झालं. फक्त मुलांच्या आणि कुमारांच्या पुस्तकांसाठी असलेलं हॉर्न बुक मॅगझिन १९२४ मध्ये बॉस्टनमध्ये निघालं, तेही मुलांच्या पुस्तकांच्या एका दुकानातून. शाळांच्या ग्रंथपालांसाठीचं स्कूल लायब्ररी जर्नल १९५४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालं.

कर्कस या परीक्षणांच्या नियतकालिकाची गोष्ट तर कुमार साहित्य लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. व्हर्जिनिया कर्कस या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत मुलांच्या पुस्तकांचा विभाग सांभाळत होत्या. १९३३ मध्ये त्यांनी स्वतःची सेवा सुरू केली. प्रकाशकांकडून पुस्तकांची कच्ची मुद्रितं मागवायची, ती छापून बाहेर पडायच्या आत वाचायची आणि त्यांवरचे अभिप्राय वर्गणीदार पुस्तकविक्रेत्यांना पाठवायचे. कोणतं पुस्तक किती मागवावं हे विक्रेत्याला आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला त्याच्याजवळ काहीच नसतं, ही अडचण त्यांनी ओळखली होती. प्रकाशनपूर्व परीक्षण आजही मुख्यतः तेच काम करतं. म्हणूनच या नियतकालिकांकडे प्रती प्रकाशनाच्या साधारण तीन-चार महिने आधी पोचवाव्या लागतात. ग्रंथपालाचा आणि विक्रेत्याचा निर्णय प्रकाशनाच्या दिवसाआधीच झालेला असतो.

काही परीक्षणांवर तारा असतो. त्याला स्टार्ड किंवा तारांकित परीक्षण म्हणतात. त्या नियतकालिकाच्या मते पुस्तक विशेष गुणवत्तेचं आहे, एवढा त्याचा अर्थ. तारा नसलेलं परीक्षणही भरभरून कौतुक करणारं असू शकतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण तारा नसताना तो असल्यासारखं चुकूनही लिहू नका. नवखेपणात हे सहज होऊन जातं, आणि ग्रंथपालाला दोन मिनिटांत कळतं.

परीक्षण कुणी लिहिलं हेही पाहा. कर्कसची परीक्षणं नावाशिवाय छापली जातात. हॉर्न बुक, बुकलिस्ट आणि स्कूल लायब्ररी जर्नलमधल्या परीक्षणांखाली परीक्षकाचं नाव असतं. नाव असेल तर उद्धृत करताना नियतकालिकाबरोबर ते द्यायचं की नाही, हे प्रकाशकाच्या पद्धतीप्रमाणे ठरतं. नाव नसेल तर ते शोधत बसू नका. नाव न देण्याची ती पद्धत जाणूनबुजून ठेवलेली आहे.

माझ्या फार आवडीची एक पद्धत सांगते. व्हॉइस ऑफ यूथ अॅडव्होकेट्स हे कुमारांच्या ग्रंथपालांसाठीचं नियतकालिक १९७८ मध्ये निघालं. त्यात प्रत्येक पुस्तकाला दोन वेगळे गुण दिले जात, पाचपैकी. एक गुण साहित्य म्हणून दर्जाला आणि दुसरा कुमार वाचकांना ते किती ओढून घेईल याला. एखाद्या पुस्तकाला दर्जासाठी पाच आणि ओढीसाठी तीन मिळत, एखाद्याचं उलटं होई. मोठ्या माणसाला पुस्तक आवडणं आणि पंधरा वर्षांच्या मुलाने ते रात्री जागून संपवणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्या दोन आकड्यांइतकं स्वच्छ दुसरं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही. तुमचं परीक्षण हाती आलं की स्वतःलाच विचारा: यातली कोणती वाक्यं दर्जाबद्दल बोलतात आणि कोणती ओढीबद्दल? दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर उतरवून ठेवा. पुढे ते कागद लागणार आहेत.

परीक्षण व्यावसायिक नियतकालिकातलं नसेल, तर ते बहुधा प्रकाशनपूर्व प्रत वाचलेल्या एखाद्या वाचकाचं असतं. २००८ मध्ये सुरू झालेल्या नेटगॅलीसारख्या सेवेतून प्रकाशक डिजिटल प्रती देतात. ग्रंथपाल, शिक्षक, विक्रेते आणि आवडीने परीक्षणं लिहिणारे वाचक त्या वाचतात आणि बरेचदा गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर लिहितात. अशा परीक्षणाला कमी लेखू नका. त्यांच्यापैकी एखादी शाळेची ग्रंथपाल असते आणि तिच्या एका ओळीमुळे पुस्तक थेट मुलांच्या कपाटात जाऊन बसतं.

काही ठिकाणी शुल्क घेऊन परीक्षण लिहून मिळतं. कर्कसकडेही स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकांसाठी अशी एक वेगळी सेवा आहे. शुल्क भरलं म्हणून कौतुक होईलच, असं तिथे नसतं. तुमचं परीक्षण अशा मार्गाने आलं असेल तर लपवू नका. विचारलं तर सरळ सांगा.

जाहीर करण्याआधी तारीख विचारा

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर जिव्हारी लागते. प्रकाशकाला परीक्षण बऱ्याचदा ते छापून येण्याच्या काही दिवस आधी मिळतं. तोपर्यंत ते बाहेर सांगायचं नसतं. संपादकाला एका ओळीत विचारा: ‘हे आजच सांगितलं तर चालेल का, की थांबू?’ थांबायचं असेल तर थांबा. तेवढ्या दिवसांत पुढचं काम करा.

आधी कुणाला सांगायचं

जगाला सांगण्याआधी ज्यांच्यामुळे हे पुस्तक उभं राहिलं त्यांना सांगा, आणि प्रत्येकाला वेगवेगळं सांगा. सगळ्यांना एकच मेल नको.

संपादकाने तर परीक्षण आधीच वाचलेलं असतं. तरी त्यांना लिहा, आणि परीक्षणातलं कोणतं वाक्य त्यांच्या कामामुळे शक्य झालं ते नाव घेऊन लिहा. ‘वेग कुठेही ढळत नाही’ असं परीक्षक म्हणत असेल आणि मधली साठ पानं संपादकाच्या आग्रहामुळे गळली असतील, तर ते वाक्य त्यांचं आहे. मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला कळवा. ज्या समाजाबद्दल किंवा अनुभवाबद्दल तुम्ही बाहेरून लिहिलंत, त्यातल्या ज्या माणसाने मसुदा वाचून तुमच्या चुका दाखवल्या, त्याला कळवा. एजंट असेल तर एजंटला. घरच्यांना तर तुम्ही सांगालच, तिथे माझ्या सल्ल्याची गरज नाही.

आणि मसुदा वाचलेल्या मुलांना जरूर कळवा. माझा दुसरा मसुदा पंधरा वर्षांच्या एका मुलीने वाचला होता. तिला मी परीक्षण फोनवर वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण त्यांनी धाकट्या भावाबद्दल काहीच लिहिलं नाही? मी तर त्याच्यासाठीच वाचत होते.” मी परीक्षण पुन्हा पाहिलं. धाकटा भाऊ खरंच कुठे नव्हता. परीक्षकाची त्यात चूक नव्हती, तीनशे शब्दांत सगळं कुठून मावणार. पण कादंबरीबद्दल कुठे बोलायची वेळ आली की त्या दिवसापासून मी धाकट्या भावापासून सुरुवात करते.

आता जगाला सांगा

जाहीर करताना नव्या लेखकांना संकोच वाटतो. ‘स्वतःचं कौतुक स्वतःच कसं सांगायचं?’ संकोच समजण्यासारखा आहे, पण इथे गरज नाही. कौतुक तुम्ही केलेलं नाही, दुसऱ्याने केलं आहे. तुम्ही फक्त ते ज्याला लिहिलं होतं त्याच्यापर्यंत पोचवता आहात. न पोचवलं तर परीक्षकाचं काम अर्धवट राहतं.

चार गोष्टी हव्यात. पुस्तकाचं नाव आणि ते कधी येणार. ते कशाबद्दल आहे, एका वाक्यात. परीक्षणातला एक उतारा, नियतकालिकाच्या नावासह. आणि आनंद, तुमच्या स्वतःच्या शब्दांत. अशी एखादी नोंद:

‘माझी पहिली कादंबरी ऑक्टोबरमध्ये येते आहे. वडिलांची नोकरी गेल्यावर घर सांभाळायला लागलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची ही गोष्ट. आज तिचं पहिलं परीक्षण आलं. परीक्षकाने तिच्या आवाजाला “हट्टी आणि हळवा, एकाच श्वासात” म्हटलं आहे. पाच वर्षं मी हेच दोन शब्द शोधत होते. फार आनंदात आहे. चौदा वर्षांच्या पुढच्या वाचकांसाठी.’

यात फुगवून सांगितलेलं काही नाही, आणि झाकून ठेवलेलंही काही नाही. याउलट ‘कसं झालं कळतच नाही, बहुतेक चुकून चांगलं लिहिलं गेलं’ अशी नोंद लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही, आणि ज्याने मनापासून वाचून लिहिलं त्याच्या मताचाही मान राहत नाही.

उतारा निवडताना तो दुसरा कागद काढा, ओढीबद्दलची वाक्यं लिहिलेला. ‘उत्कृष्ट’, ‘अप्रतिम’, ‘अविस्मरणीय’ हे शब्द हजारो पुस्तकांवर छापलेले असतात आणि कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. तुमच्याच पुस्तकाला लागू पडेल असं वाक्य घ्या, मग ते जरा कमी चमकदार असलं तरी चालेल. आणि त्यात गोष्टीचं गुपित फुटत नाही ना, हे तपासा. परीक्षणं ग्रंथपालांसाठी असल्यामुळे कधीकधी अर्ध्याहून पुढची कथाही त्यांत सांगितलेली असते.

काटछाट करताना

याबद्दल मी कडक आहे. परीक्षणातला लहान उतारा वापरणं रूढ आहे, संपूर्ण परीक्षण उतरवून घेणं नाही. तो मजकूर त्या नियतकालिकाचा आहे. उतारा द्या आणि मूळ परीक्षणाकडे वाट दाखवा.

मधले शब्द गाळले तर तिथे तीन टिंबं द्या, आणि गाळल्यावर अर्थ बदलत नाही हे पाहा. समजा परीक्षणात असं वाक्य आहे: ‘मधली काही प्रकरणं रेंगाळतात, पण नायिकेचा आवाज इतका सच्चा आहे की वाचक तिला सोडत नाही.’ यातलं ‘नायिकेचा आवाज इतका सच्चा आहे की वाचक तिला सोडत नाही’ एवढंच घेणं योग्य आहे. परीक्षकाचं मुख्य म्हणणं तेच आहे. पण वाक्य असं असेल: ‘रचना धाडसी आहे, मात्र शेवटी ती पेलत नाही’, आणि त्यातून ‘धाडसी’ एवढाच शब्द उचलून पुस्तकावर लावला, तर ते खोटं आहे. शब्द परीक्षकाचाच असला तरी खोटं आहे. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा उतारा परीक्षकाने पुस्तकाच्या मलपृष्ठावर वाचला, तर ‘हो, मी हेच म्हटलं होतं’ असं त्याला वाटेल का?

उतारा चित्रावर छापून देणार असाल तर तेच शब्द चित्रासोबत मजकुरातही लिहा. डोळ्यांनी न वाचणारे, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारे वाचक कुमारांमध्येही आहेत, आणि चित्रातली अक्षरं त्यांच्यापर्यंत पोचतीलच असं नाही.

पुरस्कारांची भाषा वापरताना जपून. कर्कस प्राइझ २०१४ पासून दिलं जातं, त्यात लहान आणि कुमार वाचकांच्या पुस्तकांचा एक वेगळा विभाग आहे आणि रक्कम ५०,००० डॉलर आहे. कर्कसचा तारा मिळालेली पुस्तकं त्यासाठी विचारात घेतली जातात. पण विचारात घेतलं जाणं म्हणजे नामांकन नव्हे. पुस्तकं शेकडो असतात, अंतिम यादीत मूठभर येतात. कुमारांच्या पुस्तकांसाठीचा प्रिंट्झ पुरस्कार २००० पासून आणि पहिल्या पुस्तकासाठीचा मॉरिस पुरस्कार २००९ पासून दिला जातो. ते वेगळ्या समित्या ठरवतात. चांगल्या परीक्षणाने त्या समितीतला एखादा सदस्य तुमचं पुस्तक हातात घेईल, इतकी आशा धरायला हरकत नाही.

परीक्षकाचे आभार मानावेत का?

व्यावसायिक नियतकालिकातल्या परीक्षकाचे वैयक्तिक आभार मानायची गरज नाही. त्याने तुमच्यावर उपकार केलेले नाहीत, वाचकासाठी आपलं काम केलं आहे. भेटवस्तू तर कधीच पाठवू नका, कृतज्ञतेनेसुद्धा नाही. पुढच्या पुस्तकाला त्याच माणसाचं परीक्षण आलं तर त्या भेटीमुळे दोघंही अडचणीत याल.

वाचकाने स्वतःहून तुम्हाला उद्देशून लिहिलं असेल तर ‘मनापासून वाचलंत, आभारी आहे’ एवढं पुरे. तुम्हाला उद्देशून नसेल तर वाचा, आनंद घ्या आणि काही न लिहिता बाहेर या. वाचकांना पुस्तकाबद्दल मोकळेपणी बोलायला जागा लागते. लेखक येऊन उभा राहिला की बोलणं अवघडतं, कौतुकाचं असलं तरी.

फुकट प्रत मिळालेल्या वाचकाने ते सांगावं अशी अपेक्षा असते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेची तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि खोट्या, तसंच चांगलंच किंवा वाईटच लिहायचं या अटीवर विकत घेतलेल्या परीक्षणांवर बंदी घालणारा नियम तिथे २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे. पहिलं परीक्षण चांगलं आलं की घरचे आणि मित्र उत्साहाने विचारतात, ‘आम्हीही लिहू का?’ त्यांना प्रेमाने सांगा की ओळखीपाळखीच्यांना पुस्तक सुचवा, तोंडाने बोला, पण नातं न सांगता परीक्षण लिहू नका. तुमच्या खऱ्या परीक्षणाचं मोल त्या चार ओळींनी कमी होतं.

कुमार कादंबरीच्या लेखकाला एक जबाबदारी जास्तीची असते. कौतुक करणारा वाचक चौदा वर्षांचा असू शकतो. त्याच्याशी खासगी संदेशांतून संवाद सुरू करू नका. उत्तर द्यायचंच तर सर्वांना दिसेल असं, थोडक्यात. त्याचं पत्र, फोटो किंवा नाव पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही देऊ नका, पत्र कितीही सुंदर असलं तरी. शाळेमार्फत पत्र आलं तर उत्तरही शाळेमार्फतच जाऊ द्या.

परीक्षण कामाला लावा

प्रकाशकाच्या प्रसिद्धी विभागाला विचारा: पुस्तक छपाईला गेलं का? गेलं नसेल तर एखादं वाक्य मलपृष्ठावर घेता येईल. गेलं असेल तर पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवा आणि तूर्त ऑनलाइन विक्रीच्या पानावर ते घालता येतं का ते पाहा. ग्रंथपालांना आणि शिक्षकांना पाठवायच्या माहितीपत्रकात दर्जाबद्दलचं वाक्य आणि वयोगट घ्या. मुलांसमोर बोलायला जाल तेव्हा मात्र परीक्षण घरी ठेवा. त्यांना मोठ्यांच्या शिफारशीचं फारसं अप्रूप नसतं. पहिलं पान वाचून दाखवा.

एका फायलीत परीक्षणातले मूळ शब्द जसेच्या तसे, नियतकालिकाचं नाव, तारीख आणि पत्ता नोंदवून ठेवा. सहा महिन्यांनी कुणीतरी घाईत उतारा मागतं आणि आठवणीतून लिहिलेलं वाक्य हमखास थोडं बदललेलं असतं.

दुसरं परीक्षण येण्याआधी

दुसरं परीक्षण पहिल्यासारखंच असेल असं नाही. पहिल्याने ज्या शेवटाचं कौतुक केलं, त्याच शेवटाला दुसरा घाईचा म्हणू शकतो. दोघांनी एकच पुस्तक नीट वाचलेलं असतं. त्यासाठी मनाची तयारी आनंदाच्या दिवशीच करू नका, तो दिवस आनंदालाच द्या. पण त्या आठवड्यात कधीतरी परीक्षणातलं जे वाक्य तुम्हाला सर्वात खरं वाटलं, ते लिहून ठेवा. सर्वात गोड नव्हे, सर्वात खरं. मला माझ्या परीक्षणातलं एक टीकेकडे झुकणारं वाक्य खरं वाटलं होतं: आई हे पात्र फक्त इतरांच्या बोलण्यातून दिसतं. पुढच्या कादंबरीत मी आईपासून सुरुवात केली.

तुमच्याबरोबर त्याच सुमारास पहिलं पुस्तक घेऊन येणारे आणखीही लेखक असतील, आणि त्यांतल्या काहींना एकही प्रकाशनपूर्व परीक्षण मिळालेलं नसेल. नियतकालिकांकडे येणाऱ्या प्रती इतक्या असतात की चांगली पुस्तकंही राहून जातात. तुमची बातमी त्यांच्यापासून लपवू नका, तो अपमान होईल. फक्त त्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाचं पुस्तक वाचा, आणि आवडलं तर एखाद्या ग्रंथपालाला तसं कळवा.

प्रकाशकाने दिलेल्या प्रकाशनपूर्व प्रतींपैकी एखादी उरली असेल तर ती ओळखीच्या लेखकाला देऊ नका. विकू तर नकाच, त्या विक्रीसाठी नसतात. शाळेच्या ग्रंथपालाला विचारा, पुस्तकांवर भरपूर वाद घालणारी एखादी मुलगी किंवा मुलगा त्यांच्याकडे आहे का. परीक्षण सोबत न जोडता ती प्रत त्यांच्याकडे द्या, आणि पुस्तक वाचून झाल्यावर त्या मुलाला काय वाटलं ते ग्रंथपालांनाच तुम्हाला कळवू द्या.